मोकळं पोर्ट

४ फेब्रुवारी
आले एकदाची! नवी नोकरी, नवी खोली, खिडकीत भरपूर ऊन. ऑफिसच्या तळमजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचा कक्ष आहे, त्यात मी आणि आमचे साहेब असे दोघंच. साहेब भले गृहस्थ, पण भलतेच विसरभोळे. सकाळपासून कितीदा तरी माझं नाव विचारून झालं. टेबलावर बायकोचा फोटो आहे, त्यावर चिठ्ठी चिकटवलीय, 'ही बायको'. मला हसू आवरेना.
माझी पोर सध्या मावशीकडे आहे. एका जागी म्हणून उभी राहत नाही, सारखी गोल गोल फिरते, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. रविवारी येणार. नव्या घरात फिरायला जागा आहे ना, असं फोनवर विचारत होती. मी लगेच पलंग भिंतीला सरकवला.

५ फेब्रुवारी
कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला कोणी हात लावत नाही. त्याच्या यूएसबी पोर्टवर चिकटपट्टी लावलेली. चालू केला तर स्क्रीनवर सूचना आली, 'जोडलेलं उपकरण ओळखता आलं नाही.' आता जोडलंय काय, तर काहीच नाही! पट्टी काढून आत बॅटरी मारून पाहिली. मोकळं. साहेबांना विचारलं, तर त्यांचा चेहरा पडला.
"ओळखलं नाही तेच बरं आहे, बाई. राहू द्या ते."
राहू द्या म्हणे! प्रिंटर, स्कॅनर, कीबोर्ड, सगळ्यांची नाटकं बघून झालीत माझी. काम अर्धवट टाकून घरी जाणाऱ्यातली मी नव्हे.

६ फेब्रुवारी
पोर्ट साफ केलं. जुना ड्रायव्हर, म्हणजे उपकरण ओळखायचा प्रोग्राम, काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नवा ड्रायव्हर घातला. वीज वाचवायला कॉम्प्युटर मधूनच पोर्ट बंद करतो, तेही सेटिंग काढून टाकलं. टुंग असा आवाज झाला आणि सूचना आली, 'उपकरण वापरासाठी तयार आहे.' मी टाळी वाजवली. साहेब डोकं धरून बसले.
तेव्हापासून मानेमागे मुंग्या येताहेत. संध्याकाळी आपली खोली कितव्या मजल्यावर, हे शेजारणीला विचारावं लागलं. दमले असेन, दुसरं काय.

७ फेब्रुवारी
त्या उपकरणातल्या फायली उघडल्या. 'घराचा जिना'. 'पहिली सायकल'. 'आईचा आवाज'. आवाज ऐकला, माझ्याच आईचा. ऐकताना लक्षात आलं, तो मला आठवतच नव्हता.
बाजूला साहेबांच्या नावाचं फोल्डर, गच्च भरलेलं. म्हणजे त्यांनीही कधीतरी हे दुरुस्त करायला घेतलं होतं. चिकटपट्टी त्यांनीच लावलेली. आणि मी त्यांच्या चिठ्ठीला हसले होते.
'सुरक्षितपणे काढा'वर क्लिक केलं. उत्तर आलं, 'उपकरण वापरात आहे.' उपटून काढावं, तर उपटायला काही नाही.

८ फेब्रुवारी
कॉम्प्युटरचा प्लग काढला. तरी त्याचा आतला पंखा फिरतोच आहे. नवी फाइल येतेय, हिरवी रेघ हळूहळू भरतेय. फाइलचं नाव भिंगरी.
नाही. जिना घे, सायकल घे, आई गेली तुझ्या घशात. ही मिळायची नाही. पोर्टात स्क्रूड्रायव्हर खुपसून पिळला. हात भाजला. मग हातोडी घेतली. साहेबांनी अडवलं नाही, उलट दार लावून घेतलं.
स्क्रीनचा चुरा झालाय. रेघ दिसत नाही. थांबली की भरली —

९ फेब्रुवारी, रविवार
वर लिहिलंय की मला एक मुलगी आहे. अक्षर माझंच. गोल फिरते म्हणे. चेहरा — नाही. पण लिहिलंय, म्हणजे आहे. कागदाला पोर्ट नसतं, काय करशील? भिंगरी. भिंगरी. हातावरही लिहिलंय.

दार वाजलं. एक बाई. तिचा हात सोडवून एक पोर आत — पलंग भिंतीला आहे म्हणून जागा — गोल गोल —
ओळखता येत नाही.
रडायचं नाही. हातावरचं वाचायचं आणि हाक मारायची, आयुष्यभर मारतेय अशी —
टुंग. या खोलीत कॉम्प्युटर नाही. आवाज माझ्या मानेतून —
वाजू दे. ती वळून बघतेय. मी हाक मारतेय. भिं