गाठीच्या मागची कडा

३ मार्च

चि. बेबीस,
अ. आ.

आईच्या डोक्यातली गाठ पहिल्या एमआरआयमध्ये गरीब, निरुपद्रवी दिसली. हळू वाढणारी असेल, सहा महिने थांबू, असं आमचे मोठे डॉक्टर म्हणाले. मला पटेना. आईला हल्ली ‘चमचा’ हा शब्दही सापडत नाही. गाठीत रक्त किती खेळतंय ते मोजणारा स्कॅन करू, म्हणून चार दिवस डॉक्टरांच्या मागे लागले. अखेर ते हो म्हणाले आणि मशीन मीच चालवलं. चित्रं कॉम्प्युटरवर पाठवली आहेत, बघून कळव.

तू डॉक्टर, मी बटणं दाबणारी. हे माझे शब्द नव्हेत. मी आईच्या चपला हातात घेऊन उभी असताना तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईंना असं सांगितलं. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

तरी माया आहे तेवढीच आहे.
तुझी,
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

चित्रं तीनदा पाहिली. गाठीच्या मागच्या कडेला, वाटाण्याएवढ्या जागेत, रक्तप्रवाह निरोगी बाजूच्या तिप्पट आहे. गाठ गरीब नाही. तुझ्या डॉक्टरांशी बोलले, ते लगेच ऑपरेशनला तयार झाले. तपासायला तुकडा त्याच जागेचा घ्या, असं बजावलंय. दुसरीकडचा घेतला तर गाठ साधीच वाटेल. तू हटून बसली नसतीस तर सहा महिने फुकट गेले असते.

पोटदुखी तुझी एकटीची नाही. फोनवर बोलता बोलता आई घाबरली, की मला म्हणते, ताईला बोलाव. तिचा हात तुझ्या हातात; माझ्या वाट्याला तिच्या मेंदूची काळी-पांढरी चित्रं.

रागावलीस तरी पत्र टाकत राहा.
तुझी,
बेबी

१९ मार्च

चि. बेबीस,
अ. आ.

ऑपरेशन नीट झालं. तू दाखवलेली जागा तिसऱ्या दर्जाची, म्हणजे जास्त घातक निघाली, बाकीची गाठ दुसऱ्या. पुढच्या महिन्यापासून किरणांचे उपचार आणि औषधं. वेळेत आलात, पण ही गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

धाकटीने गाठ पकडली, असं वॉर्डभर झालं. मी जळत होते. काल आई अजून गुंगीत होती, मला बेबी म्हणाली. मी चूक सुधारली नाही. म्हटलं, तुझ्या वाट्याचं कौतुक कसं लागतं ते बघू तरी. तिने माझी बाही धरली आणि एकेक शब्द शोधत सांगितलं, की थोरली हट्टी आहे, डॉक्टरांशी भांडली, म्हणून मी आज आहे. पण तिला सांगू नकोस, शेफारेल.

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

शनिवारी ये. खाटेजवळ तू बस आणि थोरलीचा विषय काढ. मी दाराआड उभी राहीन.
तुझीच,
ताई