दोन हजार वर्षांपूर्वीची सांडगी मिरची

अल अझीझिया, दोहा
शनिवार

ती. सौ. जयमालावहिनींस,
शैलजाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे आबासाहेबांचा, रक्तदाब या दोहोंची खुशाली कळवावी. (रक्तदाबाची आधी. कारण खाली येईल.) आम्ही ठीक आहोत. पत्र एकटीने वाचा. आबासाहेबांना एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्याने सांगवत नाही. एकतीस वर्षे वर्गात इतिहास शिकवला, पण भावासमोर अजून तोंडाला कुलूप लागते. फोन करावा तर तोही तेच उचलतात.

नोव्हेंबरात कोमलने (सून गुणी आहे, पण मला घरात बसू देत नाही) मला अल नस्रमधल्या एका वाचनवर्गाला धाडले. तिथे दर शुक्रवारी दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कवींच्या कविता इंग्रजीतून वाचतात. शिकवणारे गृहस्थ मदुराईकडचे, विधुर, रास लफानच्या वायू प्रकल्पात रसायनतज्ज्ञ, खिशाला दोन पेने. मला वाटले, एवढे जुने कवी म्हणजे नीती आणि उपदेश असणार. वहिनी, मी हादरले. पहिल्याच कवितेत मुलगी घरातून पळाली. दुसरीत तिची मैत्रीण आईशी धडधडीत खोटे बोलली. कवितेत डोंगर आला की भेट झाली असे समजायचे, समुद्र आला की वाट पाहणे आणि वाळवंट आले की ताटातूट. (कतारमध्ये डोंगरच नाही, असे मी निदर्शनास आणले. गृहस्थ म्हणाले, "म्हणून तर इथे वर्ग भरतो, मॅडम.") त्या कवींची एकच शिस्त मला पटली. प्रेमाच्या कवितेत त्या दोघांचे नाव कधी घ्यायचे नाही. कित्येक कवींची स्वतःची नावेही हरवली. लोक त्यांना त्यांच्याच कवितेतल्या एखाद्या शब्दावरून ओळखतात.

गेल्या शुक्रवारी जो कागद वाटला, त्यातल्या कवितेत एक बाई उन्हात भरलेल्या मिरच्या वाळत घालते, चार वाजता एकेक उलटते, ओली राहिलेली दिसली तर तिला दटावते, आणि एक माणूस रोज उगाच वळसा घेऊन तिथूनच जातो. मी उठले. म्हटले, हे बनावट आहे. मिरची पोर्तुगिजांनी आणली, त्या काळी फार तर मिरी असेल, हे कोणत्या मूर्खाने घुसडले? शेजारच्या रुकैयाबाईंनी (रत्नागिरीच्या, माझ्याच इमारतीतल्या) माझा पदर ओढला. "बसा ओ बाई. अख्ख्या अझीझियात सांडगी मिरची तुमच्याशिवाय घालतो कोण?" गृहस्थांनी चष्मा पुसला आणि मूर्ख आपणच असल्याचे कबूल केले. जुन्या रिवाजाप्रमाणे वर्ग आता त्यांना मिरचीवाले कवी म्हणतो.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना एकटे गाठून चांगले खडसावले. एकसष्टीच्या विधवेवर कविता लिहायची म्हणजे काय? खडसावणे पावणेदोन तास चालले. मध्ये दोनदा चहा झाला.

गुडघ्याला तेल लावत जा. कळावे.

तुमची
शैलजा

ता. क. : मार्चअखेर त्यांची नोकरी संपते आणि ते मदुराईला परत जातात. त्यांनी विचारले. मी हो म्हटले. मुलगा-सून, हर्षल आणि कोमल, दोघेही राजी आहेत. ईशाला मी अत्यंत गंभीरपणे समोर बसवून सांगितले, तर ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, वी ऑल न्यू."

ता. क. २ : त्या कवितांमध्ये मुलगी वडीलधाऱ्यांपुढे स्वतः बोलत नाही. ती मैत्रिणीला सांगते, मैत्रीण दाईला, दाई आईला, आणि आई वडिलांना. आपल्याकडे दाई नव्हतीच आणि आई-वडील गेले, तेव्हा आबासाहेबांपर्यंतची सगळी वाट तुमच्या एकटीच्या गळ्यात. जेवण झाल्यावर सांगा. गोळी आधी द्या.

ता. क. ३ : आबासाहेब नाव विचारतील. सांगू नका. म्हणावे, ते नाव शैलजा स्वतः घेणार आहे, उखाण्यात.