काचेवरची टिचकी

मंगळवार, २ मे २००६
फाटकावरच्या फळ्यावर सातवीच्या मुलींनी आजही लिहिलं: हवा स्थिर, आकाश साफ. सलग आठवा दिवस. हा हवामानाचा फळा मीच सुरू केला. भूगोलाच्या बाईंनाही मिरवायला काहीतरी हवंच की! आता येणारेजाणारे थांबून वाचतात. भाजीवाला विचारतो, "मैडमजी, आँधी कब?" म्हटलं, धुळीचं वादळ इतक्यात नाही. मान ताठ.
शनि-रवि मैदानात शाळेचा मेळा. मुग्धा दोन्ही दिवस घूमर नाचणार. चौथीतली पोर, घरभर गिरक्या. "आई, मी सबसे पुढे आहे, मतलब एकदम पुढे!" वर्ध्याच्या आजीने हे मराठी ऐकलं तर संपलंच.

गुरुवार, ४ मे
कपडे लवकर वाळत नाहीत. कूलर नुसता फुरफुरतो, गारवा नाही. म्हणजे हवेत ओल आलीय. वारा दोन दिवस पूर्वेचा. मग ज्यावरून फळा लिहितो त्या शाळेतल्या वायुदाबमापकाचा काटा असा ढिम्म कसा? आठ-दहा दिवस एकाच रेघेवर?
उद्या बघते.

शुक्रवार, ५ मे
काटा अडकला होता.
वाचण्याआधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारायची असते, म्हणजे अडलेला काटा सुटतो. पहिल्या तासाला शिकवायची गोष्ट. पण गेल्या वर्षी एकीने एवढ्या जोरात मारली की काचेला तडा गेला, आणि मी फर्मान काढलं: यंत्राला कुणी हात लावायचा नाही. मुली आज्ञाधारक. नाही लावला. मीही नाही लावला.
आज मारली. काटा झरकन चार खुणा खाली. म्हणजे दाब उतरलाय, वादळ येऊ शकतं.
इतके दिवस फळ्यावर मी मुलींकडून काहीच्या बाही लिहून घेत होते.

शनिवार, ६ मे
सकाळी प्रिन्सिपल मॅडमकडे. म्हटलं, आंधी येऊ शकते, नाच तंबूत नको, हॉलमध्ये घ्या. टिचकीचं सांगितलं नाही. लाज वाटली. त्या म्हणाल्या, "कल तक तो आप ही 'साफ' लिखवा रही थीं." टेंटवाले भैया तिथेच उभे, आपल्या तंबूच्या खांबांची फुशारकी मारत. "मैडमजी, बल्ली से हाथी बाँध दो, नहीं हिलेगी."
संध्याकाळी पानसुद्धा हललं नाही. मेळा झकास. दाब उतरला म्हणजे आंधी येतेच असं नाही, हे मला कळतं. पण कुणाला समजावू? पकोड्यांच्या स्टॉलवर एकजण म्हणाली, "आँधी मैडम, चटनी लोगी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आतून जळत होते.
मुग्धा सुरेख नाचली. मी तिच्याकडे कमी आणि वर तंबूच्या कापडाकडेच जास्त बघत होते.
सुधीर म्हणतो, "तुझं हवामान खातं बंद कर आता." हा विमा कंपनीतला माणूस! लोकांना दिवसभर संकटांची यादी वाचून दाखवतो, आणि घरी मी एक सांगितलं तर...

रविवार, ७ मे. दुपार
खुर्च्या मांडायच्या निमित्ताने सकाळीच शाळेत गेले. टिचकी. काटा कालच्यापेक्षाही खाली. दहाच्या सुमाराला दाब दिवसातला सगळ्यात चढा असतो, आणि हे असं.
वळले तर मागे प्रिन्सिपल मॅडम. हसत म्हणाल्या, "आज क्या कहता है आपका मौसम?"
मी म्हटलं, "साफ."
का म्हटलं? पुन्हा आँधी मैडम व्हायचं नव्हतं. एवढंच. दुसरं कुठलंही कारण मला सापडत नाही, आणि हे फार वाईट आहे.
घरी येऊन मुग्धाला सांगितलं, आज जायचं नाही. शाळेत फोन करून कळवलं, तिला ताप आहे. ती हुंदके देतेय. "आई, मला ताप कुठे आहे?" सुधीरने पेपर वर धरला. त्यात छापलंय, आसमान साफ रहेगा.

साडेतीन. वारा एकदम पडला. गच्चीवर जाऊन आले. पश्चिमेला, झोटवाड्याच्या बाजूला आकाश तळापासून मातकट पिवळं. दुपारचं ऊनही असं दिसतं कधीकधी. दिसतं ना?

चार. मुग्धाच्या जागी पहिल्या रांगेत चंचल नाचणार. मागच्या गल्लीतली, मुग्धाच्याच वर्गातली. तिची आई आत्ता घागरा मागायला आली होती. चंचल दारातच एक गिरकी घेऊन दाखवत होती. "बिटिया जल्दी ठीक हो जाए," आई म्हणाली. मी घागऱ्याला इस्त्री करून दिली. चुण्या नीट बसवून.
नाच पाचला. शाळा चालत दहा मिनिटं. चपला घातल्यात, आणि इथे बसून हे लिहितेय.