घराण्याची टाच

प्रिय धाकट्या,

दादाला जाऊन महिना झाला. वहिनी अजून त्याचे बूट दारातून हलवू देत नाही. नवे बूट मागून चावतात म्हणून बाबांसारखा तोही मागची कड कापून घ्यायचा, आठवतं? टाचेमागची ती जाड, गाठाळ शीर. आई म्हणायची, पोरांना दुसरं काही नाही तरी घराण्याची टाच मिळाली. आपण तिघांनी किती मिरवली ती.

त्या दिवशी इस्पितळात मी त्याचे पाय झाकत होते, तर डॉक्टरबाईंनी हात धरला. त्या शिरेवरून बोट फिरवत विचारलं, घरात आणखी कोणाची अशी आहे का? मी म्हटलं, सगळ्यांचीच की. आणि मला चक्क हसू आलं, अशा वेळी. त्या हसल्या नाहीत. वडील कितव्या वर्षी गेले, एवढंच विचारलं. पन्नाशीही गाठली नाही, म्हटलं, झोपेतच गेले.

मग त्यांनी सांगितलं, त्या शिरेत कोलेस्टेरॉल साठलेलं असतं. तेच हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही साठतं; दादाचा झटका त्यातलाच. आपल्या यकृताला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलताच येत नाही, जन्मापासून. मी रक्त तपासून घेतलं. ते वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, दोनशे साठ. शंभराच्या आसपास हवं. आता रोज गोळी, कायमची.

फोनवर सांगितलं तर तू म्हणालास, ताई, माझ्या अंगावर चिमटीत धरण्याइतकं मांस नाही, मी रोज पळतो, हे जाड्यांचं दुखणं. दादाही काडीच होता रे. मी तुझ्या काळजीनं बोलते, की माझी भीती कुणाशी तरी वाटून घ्यायला, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. म्हणून पुन्हा विषय काढायचा नाही, असं ठरवलं होतं.

पण परवा तू तुझ्या छोटीच्या पोहण्याच्या शर्यतीचा फोटो पाठवलास. पाठमोरी, उडी मारायच्या बेतात, चौदा वर्षांची. खाली लिहिलंस, 'बघ ताई, घराण्याची टाच.' मी फोटो मोठा करून पाहिला. मग फोन पालथा ठेवला, आणि पुन्हा उचलून पाहिला. तुझी तपासणी नंतर कर हवं तर. तिची या आठवड्यात कर. आत्ता कळलं तर औषधं घेऊन ती म्हातारी होईल. आपल्या टाचेचं अजून कोणी म्हातारं झालेलं नाही.

तुझीच,
ताई