मुंगीचा ताप

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची लेकाकडे राहायला. शाळा माझी जेमतेम चौथीपर्यंत, पण नातीने वही हातात दिली. म्हणाली, आजी, बोलतेस तसंच लिही, फक्त मधे मधे श्वास घे. चेष्टेखोर मेली. खोली झकास आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. गादी इतकी मऊ की उठायला दोन माणसं लागतील. तर काय सांगत होते, हां, जेवताना धाकट्या लेकीची आठवण काढली. मुंगी म्हणायचे मी तिला, साखरेचा डबा शिल्लक ठेवायची नाही. लेक हसला. म्हणाला, आई, तुला मी एकटाच. मुंगी कोण?

बुधवार, ५ तारीख
नात कॉलेजात मनाबिनाचं शिकते. तिने युक्ती सांगितली. खरी आठवण आपल्याच डोळ्यांतून दिसते आणि सोबत फालतू कचरा आणते, वास, खाज, चावणारी चप्पल. उसनी असेल तर आपण स्वतःलाच बाहेरून दिसतो, फोटोतल्यासारखे. लगेच ताडून पाहिलं. मुंगीचा ताप. हातात ओलं फडकं, बघता बघता गरम होतंय, गुडघ्याखाली खडा रुतलाय. खरीच की माझी पोर. सुनेला सांगितलं, तर म्हणते, आई, ताप ह्यांना आला होता.

रविवार, ९ तारीख
लेक रोज दुपारी आल्बम घेऊन बसतो. फोटोत तो आणि मी, बस. मायेने समजावतो, डोळे भरून येतात त्याचे. आज फडकं आठवलं, तर खालचं कपाळ त्याचं. खडाही रुतला. आणि मुंगीपाशी बसलेली मी — लांबून दिसले. पाठमोरी.

बुधवार, १२ तारीख
दुपारी एक बाई आली. आई म्हणून हात धरला. दादाने न सांगता तुला इथे आणलं, आठ दिवस शोधतेय म्हणाली. मी ताडून पाहिलं. वास नाही. खाज नाही. म्हटलं, चुकलात हो, मला एकच मुलगा. ती रडत गेली. लेकाने दार लावलं. माझ्याकडे बघितलं नाही.

गुरुवार, १३ तारीख
आल्बम कपाटात गेला. आता गरज नाही म्हणाला.

ती खाली उभी आहे. कालपासून. हाक मारावी म्हणून खिडकीशी गेले — नाव — काय म्हणायचे मी तिला —

लिहितेय, पण माझे हात दिसत नाहीत मला. टेबलाशी एक म्हातारी दिसतेय. पाठमोरी. लिहितेय. आता ती मान वळव