‘घाटवाट’ची एकुलती प्रत, बोलपटाचा हक्क आणि बाकीची व्यवस्था

मी, जयाबाई, कै. हरिभाऊ बेनाडीकर यांची पत्नी, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार अनगोळ रस्ता, बेळगाव, पूर्ण शुद्धीवर राहून आणि स्वतःच्या अक्षरात माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था येथे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याचा एक प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख चौथ्या कलमात येईल. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी जिना बंद केला आहे. डोके त्यांनी बंद केलेले नाही. पुण्यास कॉलेजात असताना मला एक सवय लागली ती अशी, की लिहिलेले बदलावयाचे झाल्यास वरचे खोडू नये, खाली नव्याने लिहावे. त्यामुळे या लेखात वरचे व खालचे जुळत नसेल तेथे खालचे खरे धरावे.

कलम १. अनगोळ रस्त्यावरील राहते घर मी माझ्या पगारातून बांधलेले आहे. त्यावर बेनाडीकर घराण्याचा हक्क पोचत नाही. तरी ते मी त्याच घराण्यातील माझा पुतण्या आनंद याला देते, कारण मला मूल नाही आणि लहानपणी तो माझ्याच ओसरीवर वाढला. मात्र मागील दारची खोली मालुबाईला तिच्या हयातीपर्यंत मोकळी ठेवावी व विहिरीचे पाणी तिला अडवू नये. मालुबाई कोण ते चौथ्या कलमात येईल; आज ती खासबागेत मागवाल्यांकडे सुताच्या कांड्या भरते. मी तिला अनेकदा राहावयास बोलावले. ती म्हणाली, “तुमच्यात ऱ्हायलं की मी कामवाली हुईन गं आक्का. हितं मी मालुबाई हाय.” मी नसताना कदाचित येईल.

कलम २. पोस्टातील शिल्लक शाळेतील गरीब मुलींच्या पुस्तकांसाठी द्यावी. त्यातून भिंतीवर माझा फोटो लावू नये.

कलम ३. चित्रे दाखवण्याचे हाताने फिरवावयाचे यंत्र, पडदा आणि पितळी घंटा भरमूला द्यावी. हा बोरगावचा भरमू कोण, हे आजच्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. माझ्या यजमानांचा फिरत्या सिनेमाचा तंबू होता. चित्रे मुकी होती, तेव्हा पडद्याशेजारी काठी घेऊन उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस लागे. तो भरमू. निपाणीच्या बाजारात तो मराठीत सांगे, गोकाककडच्या गावांत कानडीत, आणि बेळगावात एक वाक्य या भाषेत तर एक त्या भाषेत. दोन्हीकडचे लोक आपलेच चित्र म्हणून घरी जात.

यजमानांनी स्वतः काढलेले चित्र एकच, ‘घाटवाट’. एक आई मुलीला घेऊन जत्रेला निघते, घाटातल्या गर्दीत मुलगी हरवते, आई रानभर शोधते. मुलगी सापडत नाही. शेवटी आई कड्यावर उभी राहून हाक मारते आणि चित्र संपते. हाक काय मारली ते पडद्यावर लिहिलेले नाही. ते भरमूवर सोपवलेले होते. ज्या गावी तंबू लागे तेथे तो दुपारी बाजारातून हिंडे, पोरीबाळींची नावे ऐकून ठेवी, आणि शेवटच्या प्रसंगाला त्यांतलेच एक नाव घेऊन हाक मारी. निपाणीत त्याने एकदा “गुणाऽऽ” अशी हाक घातली, तर बायकांतून एक पोर ओरडली, “आगं, मी हितं हाय की!” आधी तंबू हसला. मग बायकांनी आपापल्या मुली मांडीवर ओढून घेतल्या. यजमान म्हणत, माझे चित्र भरमू दर गावी पुरे करतो.

कलम ४. ‘घाटवाट’ची एकच प्रत शिल्लक आहे, पत्र्याच्या डब्यांत, माझ्या माजघरातील कपाटात. तिचा व तिच्या कथेचा हक्क यजमानांकडून माझ्याकडे आला आहे. आनंद कोल्हापुरास एका चित्रपट कंपनीत नोकरीला आहे. त्या कंपनीला ‘घाटवाट’चा बोलपट काढावयाचा आहे. त्यात गाणी असतील, आणि शेवटी मुलगी मोठी होऊन आईला सापडेल व तिचे लग्न होईल. कंपनीची अट अशी की जुनी प्रत त्यांच्या स्वाधीन करावी आणि त्यांनी ती जाळावी, म्हणजे जुन्या मालाची नव्याला आडकाठी होणार नाही.

आनंद हे घेऊन दिवाळीत आला होता. आमचे बोलणे असे झाले.

“काकू, मुकं चित्र आता कोण बघतंय?”

“कोणी न बघो. एकदा नीट सांगून झालेली गोष्ट पुन्हा का सांगायची?”

“बुवा तेच आख्यान दर साल लावतात. तेव्हा तुम्हीच पहिल्या रांगेत बसता.”

“बसते. पण नव्या बुवाला उभं करताना कोणी जुन्या बुवाला जाळत नाही.”

यावर तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “रिळं चिकट झालीत काकू. वास येतोय. तुम्ही नाही जाळलीत तरी ती डब्यात मरणारच आहेत. निदान काकांची गोष्ट तरी जगेल.”

हे खरे आहे, आणि म्हणूनच मला झोप नाही. भरमूनेही डबे उघडून पाहिले व म्हणाला, “बाई, आणिक एकदोन डाव निघंल. मग समदा भुगा.”

आता मी नकार का दिला ते. कणकुंबीच्या रानात चित्र काढताना आईचे काम करणारी नटी जळवा पाहून दुसऱ्याच दिवशी परत गेली. आमच्या मंडळींसाठी भाकऱ्या भाजणारी खानापूरकडची एक कुणब्याची बाई होती, ती मालुबाई. यजमानांनी तिला विचारले. तिने सांगितले, “तोंडाला पीठ फासणार न्हाय. पोरगी संगं असंल तर उभी ऱ्हाते.” तिची पोर बेबी, तीच चित्रातली मुलगी. सिनेमात उभी राहिली म्हणून भावांनी मालुबाईला दार बंद केले. पुढल्या पावसाळ्यात बेबी पटकीने गेली. त्या मुलीचा कोठे फोटो नाही. त्या रिळांत ती पळते, पडते, उठून परकराला पुसलेला हात आईच्या हातात देते. जगात तिचे तेवढेच राहिले आहे. बेळगावात तंबू लागला की मालुबाई येई, पुढे जमिनीवर बसे, मुलगी गर्दीत हरवते तेथपर्यंत पाही आणि उठून जाई. शेवट तिने कधी पाहिला नाही.

सबब ‘घाटवाट’ पुन्हा काढण्यास माझी संमती नाही. माझ्या हयातीत नाही व नंतरही नाही. ज्या गोष्टीत मुलगी सापडत नाही, त्या गोष्टीत ती सापडवून तिकिटे विकणे याला मी खोटेपणा समजते.

कलम ५. माझी जाऊ नागुबाई, म्हणजे आनंदची आई, हिने माझ्या यजमानांना आयुष्यभर “तंबूवाले” म्हटले व आमच्या वाटणीचे तांब्याचे घंगाळ नेले ते परत केले नाही. ते तिच्याकडेच राहू द्यावे. मात्र माझ्या दिवसांत तिने रडू नये.

कलम ६. माझी लुगडी मालुबाईने पाहून घ्यावीत. इंग्रजी पुस्तके शाळेला द्यावीत. काठी ज्याला लागेल त्याने घ्यावी.

येथवरचा मजकूर शुक्रवारी लिहिला. पुढील मजकूर रविवारचा आहे.

काल मी मालुबाईला बोलावून घेतले. भरमू तिला टांग्यातून घेऊन आला. माझ्या नकाराने तिला समाधान वाटेल अशी माझी समजूत होती. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहिते, कारण खालील कलमांना तेवढाच आधार आहे.

मी म्हणाले, “मालुबाई, आनंदला मी नाही म्हणून लिहिलं आहे. चित्र पुन्हा निघणार नाही.”

“का गं आक्का?”

“शेवट बदलतात ते. त्यांच्या गोष्टीत मुलगी सापडते.”

“कुणाला गावती?”

“आईला.”

“आईला गावती व्हय?”

“तेच तर चूक आहे. हरवलेलं माणूस असं गाणी म्हणत...”

“थांब गं जरा. शिकवू नगंस.”

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि म्हणाली, “मग काढू दे की त्यास्नी.”

भरमू म्हणाला, “आगं मालू, जुनं जाळाय मागत्यात ती लोकं.”

“जाळत्यात कशाला? जुन्यात माझी पोर पळती. ती ऱ्हाऊ दे. आणि नव्यातली कुणाची का असंना, घरला येऊ दे. एक गावली तर तुमचं काय बिघडतंय?”

मग तिनेच विचारले, “नव्या पोरीचं नाव काय ठेवलंय?”

आनंदने भरमूकडून सर्व हकिकत ऐकून मुलीचे नाव बेबीच ठेवले आहे. मालुबाईला बरे वाटेल असा त्याचा हिशेब. मी ते सांगितले.

“न्हाय,” ती म्हणाली. “ते नाव नगो. माझी बेबी गावत न्हाय.”

शाळेत मी जन्मभर मुलींच्या निबंधांवर शेरे मारले. यावर मला शेरा सुचला नाही. नवा शेवट मला आजही खोटा वाटतो, आणि तो मी थांबवू शकत नाही. ज्या बाईने जुना शेवट कधी पाहिला नाही तिला तो ठाऊक नव्हता असे नाही. तिच्याइतका तो कोणालाच ठाऊक नव्हता. तेव्हा खालीलप्रमाणे.

कलम ७. चौथ्या कलमातील मनाई मी मागे घेते. ‘घाटवाट’च्या कथेवरून बोलपट काढण्याचा हक्क आनंदला देते, तो पुढील अटींवर. जुनी प्रत कंपनीला द्यावयाची नाही. ती मालुबाईच्या मालकीची राहील, आणि तिचे काय करावे हे तीच ठरवील. कंपनीला हे मान्य नसेल तर आनंदने दुसरी कंपनी पाहावी. कोल्हापुरात कंपन्यांची वाण नाही. मुलीचे नाव बेबी ठेवावयाचे नाही. बोलपट मराठीबरोबर कानडीतही काढावा, ही माझी अट नसून इच्छा आहे; अट घातली तर तो वकिलाकडे जाईल. शेवटी मुलगी सापडू द्यावी. तिचे लग्न लावलेच पाहिजे असे नाही.

कलम ८. माझ्या तेराव्याला जेवणावळ करू नये. त्या दिवशी खासबागेत पडदा बांधून ‘घाटवाट’ दाखवावे. रिळे पुन्हा निघतील याचा भरवसा नाही, म्हणून हा खेळ शेवटचा समजावा. शेजारची मुले आली तर बसू द्यावीत. गोष्ट भरमूने सांगावी, त्याला वाटेल त्या भाषेत. यंत्र आनंदने स्वतःच्या हाताने फिरवावे. हे केल्याशिवाय सातव्या कलमातील हक्क त्याला मिळणार नाही. फिरवताना त्याने पडद्याकडे पाहू नये, मालुबाईकडे पाहावे. ती उठली की हात थांबवावा. पुढचे रीळ लावू नये, भरमूने हाक मारू नये. चित्र तेवढेच आहे असे समजून दिवे लावावेत.

या लेखाची अंमलबजावणी माझे डॉक्टर आण्णाप्पा हंजी यांनी करावी. मालुबाई, भरमू व आनंद यांना यातून काही मिळावयाचे असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. आता आणखी काही खाली लिहावयाचे राहिलेले नाही.

बेळगाव, रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९४६

(सही) जयाबाई हरिभाऊ बेनाडीकर

वरील सही आमच्या समक्ष झाली. लिहिणाऱ्या बाई सावध होत्या; आमच्या सह्या कोठे व कशा कराव्यात हेही त्यांनीच सांगितले.

साक्ष :
(सही) विनोदिनी कडोलकर, शिक्षिका, बेळगाव
(सही) शामू रामा हलगेकर, टपाल खात्यातील कारकून, बेळगाव