हद्दीत आलेला उतार

मोंतेरूको,
१९ फेब्रुवारी १९९४

प्रिय ओरेस्तेदादा,

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. बाबांचा खोकला उतरलाय, थंडी मात्र हटायचं नाव घेत नाही. द्राक्षवेलांची छाटणी अर्धी झाली. बंदरावर दुखावलेला तुझा हात आता कसा आहे?

बातमी मोठी आहे. आपला उतार गावाच्या वाईनला मिळालेल्या मानांकनाच्या हद्दीत आला. आजोबांच्या काळापासून ती रेषा आपल्या बांधापलीकडून जायची. पलीकडच्या ताव्हेल्लाची वाईन गावाच्या नावानं बाटलीतून विकली जायची, आपली पिंपातून, बिननावाची. आता नकाशा बदलला. गाव अभिनंदन करतंय. ताव्हेल्ला म्हणाला, "निवेस, आता तुझ्या बाबांना टोपी काढून नमस्कार करावा लागणार."

हाच ताव्हेल्ला हेझलनटची झाडं लावायला आपला उतार विकत घेणार होता. मग बाबा आल्बाला आत्याकडे राहणार होते आणि मी जेनोव्हाला तुझ्याकडे. बातमी आली त्याच दिवशी बाबांनी त्याला नकार कळवून टाकला.

आता सगळे जुने वेल उपटायचे आणि नेब्बिओलो लावायचा. मानांकनाला दुसरं द्राक्ष चालत नाही. पहिल्या दोन वर्षांचं फळ धरत नाहीत, नंतर वाईन तीन वर्षांहून जास्त तळघरात मुरायला हवी. पहिली बाटली बाहेर येईल तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली असेन. आत्याला हे हसत सांगितलं, तर ती हसलीच नाही.

बाबांना आता नीट दिसत नाही. वेलाच्या काडीवरचे डोळे, जिथून कोंब फुटतात ते, बाबा बोटांनी चाचपून मोजतात. मागच्या आठवड्यात त्यांनी चांगली फळकाडीच छाटली. मी ती गुपचूप सरपणात घातली. म्हणूनच मानांकनाच्या कागदांवर जमीन कसणारी म्हणून माझं नाव लावायचं ठरलं.

सहीसाठी आम्ही पालिकेत गेलो. एवढंच लिहून थांबणार होते.

पायऱ्यांवर बाबा थांबले. हळू आवाजात म्हणाले, "तुला जायचं असेल तर आत्ता सांग, पोरी. मी रागावणार नाही. सही झाल्यावर मात्र नको."

दादा, त्यांनी स्वतःहून मला मोकळं केलं होतं. पण त्यांनी लग्नातला कोट घातला होता आणि गुंड्या चुकीच्या काजांत अडकवल्या होत्या. मी त्या काढून नीट लावल्या आणि म्हणाले, "कुठं जाणार मी, बाबा?"

आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच हसले. आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून उतारावर उभी राहिले की चहूकडे एवढी मोकळी हवा असून छातीत श्वास मावत नाही.

त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी अडवलं असतं तर मी निघून आले असते.

माझ्यासाठी ठेवलेली खोली दुसऱ्या कुणाला दे. आणि उत्तरात 'अजून विचार कर' असं लिहू नकोस. तू लिहिलंस तर मी करेन.

तुझी,
आता इथलीच,
निवेस